रिचार्ज संपलेला फोन आणि ११२

मागच्या महिन्यात पहाटे पाचला आमची बेल वाजली, म्हणजे कोणीतरी बोट ठेवून दाबतच होतं. दार उघडलं तर वॉचमन काका, धाप लागलेली, हातात त्यांचा तो बटणांचा फोन ज्याला रबरबँड लावलाय. "ताई, खालच्या मजल्यावरचे आजोबा फिरायला निघाले होते, पार्किंगमध्ये पडलेत, तुम्ही फोन लावा, माझा रिचार्ज संपलाय."

आम्ही तिसऱ्या मजल्यावर. नवऱ्याने १०८ हा ॲम्ब्युलन्सचा नंबर लावला, मी चप्पल न घालताच खाली पळाले, गाडी आली, आजोबा आता घरी आहेत आणि अळणी जेवणावरून कुरकुर करतायत. सगळं नीट झालं. पण काका फोन हातात घेऊन तीन मजले चढले हे काही डोक्यातून जात नाहीये. कारण त्याच फोनवरून ११२, म्हणजे पोलीस, ॲम्ब्युलन्स, अग्निशमन सगळ्यांसाठीचा एकच इमर्जन्सी नंबर, लागला असता. ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१५ मध्येच शिफारस केली होती की आउटगोइंग बंद असेल तरी ११२ लागला पाहिजे.

हे मी काकांना दोन दिवसांनी सांगितलं तर ते जरा गप्प झाले आणि मग म्हणाले, "ताई, रिचार्जचं तर होतंच, पण मी गाडी बोलवायची आणि बिल माझ्या नावावर आलं तर?"

मला खरंच काय बोलावं कळेना. माणूस पडलाय समोर आणि याच्या मनात बिल. चूक त्यांची नाही हो, आपल्याकडे दवाखान्याचा संबंध आला की पहिला प्रश्न डिपॉझिट किती हाच असतो.

म्हणून मी बसून हिशोब केला. काका २९९ चा रिचार्ज मारतात. त्यातच १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, म्हणजे साधारण ४५ रुपये टॅक्सचे, आणि त्यातला निम्मा राज्याकडे येतो, ज्या राज्याचे पोलीस आणि आरोग्य खातं या फोनला धावतं. शिवाय कंपन्या सरकारला जी लायसन्स फी भरतात ती काय आभाळातून येते का, ती पण आपल्याच रिचार्जमधून वसूल होते. म्हणजे जो फोन लावायला काका घाबरले त्याचे पैसे ते दर महिन्याला आधीच भरतायत! आणि त्यांना हे कोणीच कधी सांगितलं नाही.

त्यामुळे "या सेवेचे पैसे कोणी द्यायचे" असं कोणी विचारलं तर माझं उत्तर सरळ आहे, सगळ्यांनी मिळून, आधीच, टॅक्समधून, आणि ज्याच्यावर वेळ आली त्याच्याकडून एक रुपया नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकांचं म्हणणं की फुकट असलं की लोक काहीही फोन करतात, थोडा चार्ज ठेवा. खोटे फोन येतात हे मान्य, पण त्यांना पकडून नंतर दंड करा ना. दहा रुपये चार्ज लावला तर टवाळखोर थांबणार नाही, काका थांबतील.

अमेरिकेत ९११ साठी, म्हणजे तिथल्या इमर्जन्सी नंबरसाठी, फोनच्या बिलात वेगळा चार्ज असतो, प्रीपेडवालाही भरतो. ऐकायला बरं वाटतं, पण तिथल्या काही राज्यांनी तेच पैसे भलतीकडे वळवले आणि त्यांच्या टेलिकॉम आयोगाला दरवर्षी त्याचा रिपोर्ट तिथल्या संसदेला द्यावा लागतो. तरी एक आहे, वेगळा दिसतो म्हणून निदान पकडता तरी येतो. आपल्याकडे नवीन चार्ज नकोच, आहे त्या टॅक्समधून किती पैसे ११२ आणि १०८ ला गेले एवढं तरी लोकांना दिसू दे. ११२ उभं करायला निर्भया फंडातून पैसे आले होते, पण उभं करणं वेगळं आणि रोज रात्री चालवणं वेगळं. ड्रायव्हर, डॉक्टर, डिझेल, फोन उचलणारी मुलं, हे दर महिन्याला लागतं. १०८ महाराष्ट्रात २०१४ ला सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, आणि तेव्हापासून आमची पुण्यातली धायरी केवढी वाढली ते सिंहगड रोडवर संध्याकाळी अडकलेल्या कोणालाही विचारा.

रविवारी मी एक मोठा कागद काढला, ११२ आणि १०८ लिहिलं, वर प्लास्टिक लावलं आणि केबिनमध्ये चिकटवायला गेले. काकांनी तो बघितला, परत माझ्या हातात दिला आणि म्हणाले, खाली "पैसे लागत नाहीत" असं लिहा, आकड्यांएवढंच मोठं. लिहिलं.