जुनं का नवं?

“दहापैकी किती दुखते?” या प्रश्नाला आमच्या वॉर्डातील बहुतेक रुग्ण चार किंवा पाच सांगून मोकळे होतात आणि तक्ता भरणारेही तो आकडा लिहून मोकळे होतात. त्या बाईंनी मात्र मलाच उलट विचारले, “कोन्चं सांगू ताई, जुनं का नवं?”

मी बीड जिल्ह्यातील एका खासगी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे. बाई चाळिशीच्या, दर साल ऊसतोडीला जाणाऱ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या हर्नियाची शस्त्रक्रिया होऊन पोटात जाळी बसवली गेली. हा हर्निया जुन्या टाक्यांच्या जागी झालेला होता. कंबरदुखी थांबेल या आशेने काही वर्षांपूर्वी त्यांनी गर्भाशय काढून घेतले आणि जखम पुरती भरण्याआधीच त्या पुन्हा फडात मोळ्या वाहू लागल्या. असे करणाऱ्या त्या एकट्या नाहीत. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांचे जे सर्वेक्षण झाले, त्यात ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. बाईंची कंबर मात्र दुखतच राहिली. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या कंबरेचा इलाज गर्भाशयात नसतो, हे सांगायला डॉक्टर असावे लागते असेही नाही.

नव्याचे, म्हणजे टाक्यांचे, तीन आणि जुन्याचे, म्हणजे कंबरेचे, आठ, असे त्यांनी सांगितले. तक्त्यात चौकट एकच. रात्री कोणीतरी तो आठ जखमेच्या नावावर मांडून ‘पूर्ण विश्रांती’ असा शेरा मारला होता, आणि म्हणून बाई रात्रभर उताण्या पडून होत्या. जखमेला त्याने काही झाले नाही, पण वर्षानुवर्षे दुखणारी कंबर ताठ पडून राहिल्याने आणखी आखडते. शिवाय फार काळ दुखत राहिले की मज्जासंस्थाच हळवी होते आणि साध्या ताणालाही वेदना म्हणून कळवू लागते. अशा माणसाची विश्रांती मोजून-मापून द्यावी लागते. आमचे शल्यविशारद हाताने अत्यंत निष्णात आहेत, त्यांचा टाका पाहत राहावा असा असतो. पण राउंडला ते टाके पाहतात, माणूस कसा झोपला आहे ते पाहत नाहीत.

बाईंना उठवताना लक्षात आले की त्या खाटेची दांडी धरून स्वतःला झटक्याने ओढून घेतात. या एका झटक्यात पोटाचे टाके आणि कंबर दोन्ही ताणले जातात. आधी गुडघे वाकवायचे. मग खांदा आणि कंबर एकाच वेळी, मध्ये पीळ न पडू देता, वळवून कुशीवर यायचे. पाय खाटेखाली सोडायचे आणि त्याच दमात खालच्या कोपराने व वरच्या तळहाताने गादी रेटत उठायचे. पाय खाली जातात, त्यांच्याच वजनाने धड वर येते आणि पोटाला फारसे काम उरत नाही. दुसऱ्याच खेपेला त्यांना हे जमले. खोकताना घडी घातलेले लुगडे पोटावर दाबून धरायचे हे तर त्यांनी न सांगताच केले. गुडघ्यांखाली उशी, पाठीला थोडा उठाव, कंबरेला शेक आणि तासातासाला वॉर्डातल्या वॉर्डात एक फेरी, एवढ्यावर संध्याकाळी जुन्याचा आकडा पाचावर आला.

त्या फेरीतच त्यांच्या कमरेची चंची दिसली. तिच्यात सुपारीबरोबर कात्रीने कापलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या गोळ्या होत्या. गावच्या मेडिकलमधून आणलेल्या त्या गोळ्या त्या रोज घेत, आणि रुग्णालयातले डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन चालू असतानाही घेतच होत्या. दुहेरी मात्रेने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडावर ताण येतो. भरती करताना मधुमेह विचारला, रक्तदाब विचारला. घरून काय घेता, हे कोणी विचारले नव्हते. त्यानंतर गोळ्या तक्त्यावर आल्या, इंजेक्शन बंद झाले आणि पॅरासिटामॉल ‘दुखले तर मागा’ याऐवजी घड्याळ पाहून, दर सहा तासांनी, सुरू झाले.

तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून बाईंनी शेजारच्या तीन खाटांखालचा केर काढला, आणि झाडू हातात देणाऱ्या आमच्या मावशींना त्यात काही वावगे वाटले नाही. रात्री कंबर पुन्हा धरली. बरे वाटेल त्या दिवशीसुद्धा ठरल्यापेक्षा जास्त करायचे नाही, हे कष्टाच्या माणसाला पटवणे मला अजून नीट साधलेले नाही.

घरी जाताना कार्डावर ‘विश्रांती, सहा आठवडे’ एवढेच छापील वाक्य होते. मी मागच्या बाजूला लिहिले: पाच किलोवर उचलायचे नाही, म्हणजे भरलेला हंडा नाही, दिवसातून चार-पाच वेळा चालायचे, बसून राहायचे नाही, पडूनही राहायचे नाही. नववीतल्या मुलीने ते मोठ्याने वाचून दाखवले. बाईंनी बोटांवर हिशेब केला. शस्त्रक्रियेपासूनचे सहा आठवडे दसऱ्यानंतर दोन-तीन दिवसांनी संपत होते आणि टोळी निघणार होती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन झालेली होती आणि घराच्या पत्र्यांवर खर्चही झाली होती.

“मोळी ह्यांना उचलू देते, मी निस्ता ऊस तोडीन, मंग चालंल का?” असे त्यांनी विचारले. तोडणे म्हणजे दिवसभर कंबरेत वाकणे. जखमेपुरते बोलायचे तर मोळीपेक्षा ते बरे होते, कंबरेपुरते बोलायचे तर नव्हते. मी सांगितले की पहिला महिना तोडलेला ऊस सोलायचे आणि बांधायचे काम घ्या, दर अर्ध्या तासाने सरळ उभ्या राहा आणि पोटाचा पट्टा काढू नका. नवरा म्हणाला, अर्ध्या तासाला उभे राहिलेले मुकादमाला चालायचे नाही. तपासणीची तारीख दसऱ्यानंतरची पडत होती. ती मी डॉक्टरांना सांगून आठवडाभर अलीकडे घेतली आहे.