"प्रेमळ" शब्द खोडला आज

सकाळी आजोबांवर लिहायला बसले. पहिलं वाक्य, "आजोबा खूप प्रेमळ होते." वाचलं आणि आत काहीच हललं नाही. अरे, हे कुणाचेही आजोबा असू शकतात ना! मग डोळे मिटले आणि एकदम त्यांचा चष्मा दिसला, एक काडी तुटलेली, तिथे पांढरा दोरा गुंडाळलेला आणि तो घामाने पिवळट पडलेला. मी खोलीत शिरले की ते पुस्तकात बोट ठेवून पुस्तक मिटायचे, माझी बडबड संपेपर्यंत ते बोट तसंच आत अडकलेलं असायचं. बस्स, "प्रेमळ" खोडून टाकला, गरजच उरली नाही.

अजून बरंच आठवलं, घड्याळ, काठी, पण सगळं भरलं असतं तर नुसती यादी झाली असती म्हणून सोडलं. आणि आपण डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहितो, कानाचं राहूनच जातं (माझं तर नेहमीच), म्हणून चष्मा टेबलावर ठेवतानाचा तो टक् आवाज मुद्दाम घातला.

संध्याकाळी आईला वाचून दाखवलं. ती दोऱ्यापाशी थांबली, म्हणाली, "तो दोरा मीच गुंडाळला होता गं."