आई-बाबांसोबत आरव्हीने यलोस्टोन: गाडीच्या आधी जागा ठरवा

मुलगा-सून अमेरिकेत, आई-बाबा वरुड, दर्यापूर नाहीतर वणीकडच्या एखाद्या गावात, आणि व्हिडिओ कॉलवर बेत चाललेला: या वेळी आलात की आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली मोठी गाडी घेऊन यलोस्टोनच्या नॅशनल पार्कला जाऊ. बेत चांगलाच आहे. पथ्याचं जेवण, दुखरे गुडघे, रात्री दोनदा उठावं लागणं, या सगळ्याला आरव्ही सोयीची पडते, कारण संडास, गॅस आणि अंथरूण सोबतच फिरतं. पण बहुतेक घरांत आधी गाडी बुक होते आणि मग मुक्कामाची जागा शोधली जाते. तिथेच घोळ होतो. आधी जागा, मग त्या जागेत मावेल एवढी गाडी आणि सगळ्यात शेवटी विमानाचं तिकीट, हा क्रम ठेवा.

यलोस्टोनच्या आत कॅम्पग्राउंड बरेच आहेत, पण नळ, वीज आणि सांडपाण्याची जोडणी हे तिन्ही मिळतं ते फक्त फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कला. अस्वलांचा वावर असल्यामुळे तिथे तंबू किंवा कापडी भिंतींची गाडी चालत नाही, पक्क्या भिंतींचीच लागते. मॅडिसन, ग्रँट, ब्रिज बे, कॅन्यन इथे नुसती उभं राहायला जागा मिळते आणि जनरेटर सकाळी 8 ते रात्री 8 एवढाच लावता येतो. बाबांना झोपताना श्वासाचं मशीन लागत असेल तर हा एकच मुद्दा जागा ठरवायला पुरेसा आहे. फिशिंग ब्रिजला जागा मिळाली नाही तर पार्कच्या दारावरची वेस्ट यलोस्टोन किंवा गार्डिनर ही गावं बघा. तिथल्या खासगी आरव्ही पार्कांत पूर्ण जोडणी मिळते, फक्त रोजचं येणं-जाणं वाढतं. जुलै-ऑगस्टच्या तारखा कित्येक महिने आधीच भरून जातात, तेव्हा ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नका.

तारखा ठरवताना शेतीचं गणित सोडून चालत नाही. मृगाआधी घरी परतायचं म्हणून बरेच आई-बाबा मे महिना धरतात. पण मे अखेरीसही तिथे रात्री पारा शून्याखाली जातो, बर्फ पडू शकतो. आपल्याकडे चंद्रपूर 45 अंशांवर असताना हे खरं वाटत नाही आणि बॅगेत एखादंच स्वेटर येतं. बहुतेक वर्षी पोळा आटोपल्यावर आणि सोयाबीन काढणीला येण्याआधी जो मोकळा काळ मिळतो, तो सप्टेंबरचा पहिला पंधरवडा आम्हाला सगळ्यात चांगला वाटतो. अमेरिकेतल्या शाळा सुरू झालेल्या असतात, गर्दी ओसरते, रस्ते उघडे असतात. दिवाळीनंतरचा विचार मात्र सोडा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आतले बहुतेक रस्ते गाड्यांना बंद होतात.

गाडी कोणती? आई-बाबा, दोघं नवरा-बायको आणि एक-दोन मुलं असतील तर ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली सी-क्लास, 24-25 फुटांची. वरच्या पलंगावर शिडीने चढावं लागतं, तो मुलांना. मागचा पक्का पलंग आई-बाबांना. जेवायचं टेबल खाली पाडलं की तिसरं अंथरूण होतं. 30 फुटी गाडीत ऐसपैस वाटतं, पण तेवढी लांबी बसणाऱ्या जागा कमी असतात. पुढे ग्लेशियर नॅशनल पार्क जोडायचा असेल तर हेही लक्षात ठेवा की गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या घाटात 21 फुटांपेक्षा लांब गाडी सोडतच नाहीत.

पेट्रोलचा हिशेब आधीच करा. ही गाडी लिटरला साधारण 3.8 किलोमीटर देते. गाडी सॉल्ट लेक सिटीत घेतली तर तिथून वेस्ट यलोस्टोन जाऊन-येऊन सुमारे 1,030 किलोमीटर, आतलं फिरणं 400 धरलं तर 375 लिटरच्या आसपास पेट्रोल लागेल. भाड्याच्या जाहिरातीत नुसता रात्रीचा दर दिसतो. मैलामागचा दर, जनरेटरच्या तासाचा दर, भांडी-अंथरुणाचा संच, साफसफाई आणि विमा हे सगळं विचारून एकत्र मांडा. बऱ्याच विमा करारांत छताचं नुकसान धरलेलं नसतं, आणि झाडाची फांदी लागते ती नेमकी छतालाच.

आता पाणी. अशा गाडीत पिण्या-वापरायच्या पाण्याची टाकी साधारण 150 लिटरची, म्हणजे आपल्या अंगणातल्या ड्रमपेक्षाही लहान. शॉवर मिनिटाला सहा-सात लिटर ओढतो. दोघांनी दहा-दहा मिनिटं आंघोळ केली की टाकी जवळपास संपली. नळ तिसऱ्या दिवशी येणाऱ्या गावातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. अडचण येते ती अमेरिकेत वाढलेल्या नातवंडांची. अंग ओलं करा, पाणी बंद, साबण, मग पुन्हा पाणी. थंडीच्या रात्री बाहेरचा नळाचा पाइप काढून ठेवा आणि आतल्या टाकीचं पाणी वापरा, नाहीतर पहाटे पाइप गोठलेला सापडतो.

सांडपाण्याच्या टाक्या दोन: संडासाची आणि मोरी-सिंकची. जोडणी असली म्हणून संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवू नका. पाणी वाहून जातं, घट्ट भाग तळाशी साचून वाळतो आणि मग कशानेच निघत नाही. टाकी दोन-तृतीयांश भरू द्या. रिकामी करताना हातमोजे घाला, जाड पाइप दोन्ही टोकांना नीट बसवा. आधी संडासाचा व्हॉल्व्ह उघडा, आवाज थांबेपर्यंत थांबा, बंद करा. मग सिंकचा उघडा, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. शेवटी संडासात बादलीभर पाणी आणि टाकीचं औषध टाका. धुण्यासाठीचा नळ आणि पिण्याच्या पाण्याचा नळ वेगळे असतात, त्यावरची पाटी वाचूनच पाइप लावा. संडासातला कागद आरव्हीसाठीचा, पाण्यात विरघळणाराच वापरा.

सिंकची टाकी आपल्या स्वयंपाकाने घाण होते. फोडणीचं तेल आणि वरणाचा गाळ आत गेला की दोन दिवसांत वास सुटतो. कढई-ताट आधी कागदाने पुसा, मग धुवा. तळणं टाळा. भाकर शेकताना छताचा झरोका आणि पंखा चालू ठेवा, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो. यलोस्टोन सरोवर 2,357 मीटरवर आहे, चिखलदऱ्याच्या दुपटीहून उंच, आणि तिथे पाणी साधारण 92 अंशांनाच उकळतं. गंजात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. कुकर न्याच आणि शिट्ट्या वाढवा. घरचा मिक्सर मात्र नेऊ नका, तिथली वीज 120 व्होल्टची. 30 अँपिअरच्या जोडणीवर एकूण 3,600 वॅट मिळतात, म्हणून एसी, मायक्रोवेव्ह आणि पाण्याची किटली एकदम लावली की ब्रेकर पडतो. जोडणी नसलेल्या जागी दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा बॅटरीवर चालतात. हीटर रात्रभर 22 अंशांवर ठेवला तर पहाटे बॅटरी बसलेली असते. 15-16 वर ठेवून जाड पांघरूण घेतलेलं बरं.

चालवताना उंची आणि शेपूट, दोन्हीचं भान ठेवा. उंची 11-12 फूट, म्हणून ड्राइव्ह-थ्रूत, म्हणजे गाडीत बसूनच खाणं घ्यायच्या छपराखालच्या रांगेत शिरू नका. गाडी वळते तेव्हा मागच्या चाकांमागचा आठ-दहा फुटांचा भाग उलट बाजूला सरकतो आणि पेट्रोल पंपाचा खांब घासतो. मागे घेताना एकाने खाली उतरून उभं राहायचंच. गाडी धावताना प्रत्येकाने पट्टा लावून बसायचं, पलंगावर कुणी झोपायचं नाही.

ताडोब्यात जिप्सी, गाइड आणि फेरीची वेळ असते. यलोस्टोनमध्ये गाडी तुमची आणि अंतर राखण्याची जबाबदारीही तुमचीच. अस्वल-लांडग्यापासून किमान 91 मीटर, गवा आणि हरणांपासून 23 मीटर. तिथला गवा म्हणजे बायसन गाईसारखा शांत चरताना दिसतो, पण अंगावर येतो तेव्हा माणसापेक्षा वेगात पळतो. गरम झऱ्यांजवळ लाकडी वाट सोडू नका, कारण बाजूची जमीन म्हणजे उकळत्या पाण्यावरचा पातळ पापुद्रा असतो. नातवंडांचा हात धरूनच चाला.

2026 पासून अमेरिकेबाहेरच्या 16 वर्षं आणि त्यावरच्या पाहुण्यांना यलोस्टोनसह 11 मोठ्या पार्कांत नेहमीच्या प्रवेशशुल्कावर माणशी 100 डॉलर जास्त पडतात. परदेशी पाहुण्यांचा वार्षिक पास 250 डॉलरचा आहे. पासपोर्ट सोबत ठेवा आणि निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर नियम पुन्हा वाचा.

गाडी घेताना छतासकट चारही बाजूंचा व्हिडिओ काढा आणि प्रत्येक व्हॉल्व्ह दाखवणाऱ्याकडून समजून घ्या. परत देताना दोन्ही टाक्या रिकाम्या आणि पेट्रोल घेतलं तेवढंच भरलेलं हवं. बहुतेक गाड्यांत पेट्रोल पाव टाकीवर आलं की जनरेटर आपोआप बंद पडतो, तेव्हा शेवटच्या रात्रीही काटा त्याच्या वरच राहू द्या.