साखळी तळाला टेकू द्यायची नाही

प्रशांत महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियात मार्केसास बेटांवरून तुआमोटूच्या प्रवाळद्वीपांकडे निघणाऱ्या शिडाच्या बोटींवर एकाच गोष्टीची चर्चा असते: पास. पास म्हणजे प्रवाळाच्या कड्यातली फट. तिच्यातून लगूनमध्ये, म्हणजे कड्याच्या आतल्या पाण्यात, शिरायचं, प्रवाह जोराचा असतो, वेळ चुकली तर उभ्या लाटा. धास्ती रास्तच आहे. पण आत शिरल्यावर सगळे सैलावतात आणि पाणी निळंशार दिसलं की तिथेच नांगर टाकून मोकळे होतात. आम्हा दोघांना राग येतो तो याच गोष्टीचा. तुआमोटूत बोटीचं नुकसान बहुतेकदा नांगरावर उभी असतानाच होतं, आणि प्रवाळाचं तर जवळपास नेहमीच तेव्हा होतं.

इथवरचा रस्ता थोडक्यात. गालापागोसहून मार्केसास सुमारे ३,००० सागरी मैल, पाठीवर व्यापारी वारा घेऊन तीनेक आठवडे. नुकू हिवाचे डोंगर बघण्यासारखे, पण तायोहाएच्या खाडीत बोट रात्रंदिवस हेलकावे खाते, झोप लागत नाही. तिथला तळ मात्र काळ्या वाळूचा आणि चिखलाचा. नांगर कुठेही टाका, धरतो. साखळी रात्रभर तळावर फरफटली तरी काही बिघडत नाही. नैर्ऋत्येला ५०० मैल गेलं की हीच सवय महागात पडते.

तुआमोटूत ऐंशीच्या आसपास कंकणाकृती प्रवाळद्वीपं आहेत. डार्विनने ती १८३५ मध्ये बीगल जहाजावरून पाहिली होती. ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचतं, त्याच्या कडेने वाढणारं प्रवाळ मात्र पृष्ठभागापर्यंत येत राहतं आणि शेवटी नुसतं कडं उरतं, हे त्याचं स्पष्टीकरण आजही टिकून आहे. जमीन पाण्यावर जेमतेम दोन-तीन मीटर. त्यामुळे आधी दिसतात त्या माडांच्या शेंड्या, त्याही अगदी जवळ गेल्यावर. १९४७ मध्ये कॉन-टिकी हा तराफा इथल्याच रारोइआच्या कड्यावर आदळून थांबला.

पासमधल्या प्रवाहाचं गणित नुसतं भरती-ओहोटीच्या तक्त्यावर सुटत नाही. दक्षिणेकडून मोठी लाट येत असेल तर ती कड्याच्या सखल बाजूवरून सतत लगूनमध्ये पाणी ओतते, आणि ते सगळं पाणी पासमधूनच बाहेर पडतं. अशा दिवसांत बाहेर जाणारा प्रवाह तक्त्यातल्या वेळेपेक्षा तासन् तास लांबतो. कधी कधी आत येणारा प्रवाह सुरूच होत नाही. चाळीस फुटी बोट इंजिनावर सहा-साडेसहा नॉट (ताशी सागरी मैल) काढते, आणि काही पासमध्ये प्रवाह त्याच्या बरोबरीने धावतो. म्हणून आधीचे तीन-चार दिवस वारा आणि दक्षिणेची लाट कशी होती ते बघायचं. पाणी स्थिर होण्याच्या वेळेला पासच्या तोंडाशी हजर राहायचं आणि दुर्बिणीने बघायचं. पांढरे तुरे पासच्या बाहेरच्या बाजूला उठत असतील तर प्रवाह बाहेर येतोय, थांबायचं. शिडं उतरवलेली असली तरी मुख्य शिडाची दोरी तयार ठेवायची आणि नांगर सोडायला मोकळा ठेवायचा, कारण इंजिन बंद पडलं तर हातात तेवढंच असतं. फाकारावा या प्रवाळद्वीपाचा उत्तरेकडचा गारुआए पास दीड किलोमीटरहून रुंद आहे, पहिल्यांदा येणाऱ्याने तोच निवडावा.

आत आल्यावर उन्हाची वेळ सांभाळायची. सकाळी दहा ते दुपारी तीन, सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे. पोलराइज्ड चष्मा लागतोच. गडद निळं म्हणजे खोल, फिकट हिरवट निळं म्हणजे वाळू, तपकिरी-पिवळसर म्हणजे प्रवाळ अगदी वर आलेलं. ढगाची सावली आणि प्रवाळाचा खडक लांबून सारखेच दिसतात. सावली सरकते, खडक सरकत नाही. तळ वीस-तीस मीटर खोल आणि मधूनच एखादा खडक थेट पृष्ठभागाच्या हातभर खाली, त्यामुळे खोली दाखवणारं यंत्र इथे वेळेवर काही सांगत नाही. उपग्रह चित्रं आधीच उतरवून ओपनसीपीएन या नकाशाच्या सॉफ्टवेअरवर लावून ठेवली की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांवर. हाताने खूण करताना एकच नियम ठेवा: जायचं तिकडे बोट दाखवायचं, धोक्याकडे कधीच नाही. जोडप्यांची सगळ्यात वाईट भांडणं याच एका गोंधळातून होतात, हे शेजारच्या बोटींवरून रोज ऐकू येतं.

आता नांगर. खोली आठ ते दहा मीटर, आणि दहा-पंधरा मीटर व्यासाचा वाळूचा मोकळा पट्टा हवा. असा पट्टा सापडेपर्यंत फिरत राहायचं, अर्धा तास लागला तरी चालेल. त्या पट्ट्याच्या वाऱ्याकडच्या टोकाला नांगर सोडायचा. वाळूचा थर इथे पातळ असतो, खाली कठीण चुनखडी. म्हणून चाळीस फुटी बोटीला वीस-पंचवीस किलोचा, टोकदार फाळाचा नव्या घडणीचा नांगर ठेवावा. पंधराएक मीटर साखळी गेली की इंजिन हळूच मागे घेऊन नांगर रुतवायचा. सुरुवातीला इंजिनाचे मिनिटाला हजार फेरे, मग दोन हजारांपर्यंत अर्धा मिनिट. किनाऱ्यावरचा एक माड आणि त्याच्या मागचं दुसरं काही एका रेषेत धरून बघायचं; रेषा हलली नाही तर नांगराने धरलं.

बहुतेक लोक इथे थांबतात. राहिलेली तीस मीटर साखळी सोडतात आणि ती तळावर, खडकांच्या मधे जाऊन पडते. व्यापारी वारा पूर्वेकडून वाहतोय तोवर काही कळत नाही. मग हवेच्या कमी दाबाचा पट्टा सरकत येतो. वारा पूर्वेकडून ईशान्येला, उत्तरेला, वायव्येला असा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरत पश्चिम, नैर्ऋत्य करून पुन्हा आग्नेयेला येतो. बोट त्याच्याबरोबर पूर्ण फेरी मारते आणि साखळी एकेका खडकाला वळसा घालत जाते. पंचेचाळीस मीटर साखळीतली मोकळी उरते दहा मीटर, जवळपास सरळ खाली. पश्चिमेच्या वाऱ्याला लगूनची पूर्ण रुंदी मिळते. रांगिरोआचं लगून सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब आहे, तिथे वाऱ्याने उठणारी लाट मीटरभर सहज होते. नाळ वर उचलली की साखळीला ताणायला जागाच नसते. झटका थेट विंडलासला, म्हणजे साखळी ओढणाऱ्या यंत्राला, नाहीतर नाळेवरच्या रोलरला. रोलर वाकतात, विंडलासचे बोल्ट डेकमधून उपटून येतात. खाली काय होतं ते कुणी बघत नाही. भरीव, गोलसर प्रवाळ वर्षाला सेंटिमीटरभर वाढतं. मीटरभर उंचीचा खडक साखळीने घासला तर शंभरएक वर्षांची वाढ एका रात्रीत जाते.

उपाय सोपा आणि फुकट आहे: साखळी तरंगती ठेवायची. मोत्यांच्या शेतीतून सुटलेले कडक प्लॅस्टिकचे गोल फ्लोट कड्याच्या बाहेरच्या किनाऱ्यावर पडलेले असतात. साधारण तीस सेंटिमीटर व्यासाचे गोळा करायचे. हवेचे फेंडर, म्हणजे बोटीच्या कडेला धक्क्यापासून वाचवायला लावतात ते फुगे, या कामाला चालत नाहीत, कारण दहा मीटरवर दाब दुप्पट होतो आणि फुगवलेल्या वस्तूचं आकारमान निम्म्यावर येतं. कडक फ्लोट दबत नाही.

हिशोब असा. दहा मिलिमीटरची साखळी हवेत मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास, पाण्यात सुमारे दोन किलो. तीस सेंटिमीटरचा गोल फ्लोट चौदा लिटर पाणी बाजूला सारतो. त्याचं स्वतःचं वजन वजा केलं की बाराएक किलो उचलतो. म्हणजे एका फ्लोटला सहा मीटर साखळी. पहिला फ्लोट नांगरापासून खोलीच्या दीडपट अंतरावर लावायचा. तो नांगराच्या फार जवळ आला तर दांडा वर उचलला जातो आणि रुतलेला नांगर सुटतो. दहा मीटर खोलीत पहिला पंधरावर, मग एकवीस, सत्तावीस आणि तेहेतीसवर. एकूण साखळी पंचेचाळीस मीटर. शेवटच्या फ्लोटपासून नाळेपर्यंत बाराएक मीटर उरते, तिची झोळी तळाला लागत नाही. ही लांबी नेहमीच्या वाऱ्यासाठी. जोराचा अंदाज असेल तर आणखी एक फ्लोट आणि आणखी दहा मीटर, अर्थात मागे जागा असेल तरच.

फ्लोटला अर्ध्या मीटरची दोरी, तिच्या टोकाला साखळीच्या कडीत बसेल असा सहा-सात मिलिमीटरचा स्टेनलेस कॅरॅबिनर, म्हणजे स्प्रिंगने मिटणारा आकडा. दोरी लांब ठेवली की फ्लोट साखळीभोवती गिरक्या घेऊन गुंता करतो. साखळी सोडताना एकाने नाळेवर बसून अंतराच्या खुणा बघत फ्लोट अडकवायचे, दुसऱ्याने बोट जेमतेम मागे सरकत ठेवायची. विंडलास चालू असताना हाताची बोटं साखळीजवळ न्यायची नाहीत. थांबवा, अडकवा, हात मागे, मग पुन्हा सोडा. शेवटी नायलॉनची आठ-दहा मीटर दोरी साखळीला बांधून सगळा ताण तिच्यावर घ्यायचा, कारण तरंगत्या साखळीत झटका खाण्याची ताकद थोडी कमी होते आणि ती कसर नायलॉनच भरून काढतं.

मग मास्क लावून उतरायचं आणि नांगरापासून नाळेपर्यंत पोहत जायचं. नांगर पूर्ण रुतलाय का, साखळी कमानीसारखी खडकांच्या वर आहे का, शांत हवेत एखादा फ्लोट पृष्ठभागावर येतोय का. वर येत असेल तर तो जागेवरून हलवायचा, नाहीतर शेजारच्या डिंगीचा (छोट्या होडीचा) पंखा त्याच्यावर येतो. काळ्या टोकाचे रीफ शार्क घिरट्या घालतील, त्यांचं काही नाही. फक्त बोटीच्या मागे मासे साफ करत असताना पाण्यात उतरू नये.

साखळी अडकलीच तर विंडलासने ओढू नका. आधी खाली जाऊन वळसे कुठल्या क्रमाने पडलेत ते बघायचं. वारा घड्याळाच्या उलट फिरला असेल तर बोटीनेही तशीच फेरी मारलेली असते; म्हणून इंजिनावर बोट घड्याळाच्या दिशेने त्या खडकांभोवती परत न्यायची, साखळी ढिली ठेवून. पाण्यातल्या माणसाने हाताने दिशा दाखवायची. पंखा फिरत असताना त्याने बोटीपासून लांब राहायचं, यात तडजोड नाही.

जागा बदलायलाही कंटाळू नये. फाकारावात रोतोआवा गावासमोर पूर्वेच्या वाऱ्यात झोप छान लागते, पण माराआमू, म्हणजे हिवाळ्यातला आग्नेयेचा जोराचा वारा, सुरू झाला की लगूनची सगळी लांबी तिथे येऊन आदळते. अंदाज कळताच आग्नेय कोपऱ्यातल्या हिरिफाला निघून जायचं. तिथे गर्दी होते, आणि उशिरा आलेल्यांना वाळू उरत नाही.

बाकी आयुष्य सोपं आहे. प्रवाळद्वीपावर नदी नसते, गावं पावसाच्या टाक्यांवर जगतात. त्यांच्याकडे पाणी मागणं आम्हाला पटत नाही. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र बोटीवर असावं, आणि दर वापरानंतर त्याचा पडदा क्लोरीन नसलेल्या गोड्या पाण्याने धुवावा. नळाचं क्लोरीनचं पाणी एकदा आत गेलं तरी पडदा खराब होऊ शकतो. भाजी ताहितीवरच्या पापेएते शहरातून येणाऱ्या मालवाहू बोटीवर अवलंबून. ती आली की त्याच सकाळी दुकानात जायचं. रोख पॅसिफिक फ्रँक जवळ ठेवा. युरोशी त्यांचा दर बांधलेला आहे, हजार फ्रँकना ८.३८ युरो. खाली पडलेला नारळ उचलायचा नाही. माड कुटुंबांचे असतात आणि खोबरं ही त्यांची कमाई. विचारलं तर माणसं सोलून हातात देतात, इतकी ती अगत्यशील आहेत.

माशाबाबत मात्र गावकऱ्यांना विचारल्याशिवाय काही खाऊ नका. सिग्वाटेराचं विष शिजवून जात नाही, चवीला लागत नाही, आणि शरीरात गेलं की गार वस्तू भाजल्यासारखी लागते. ते तयार करणारा सूक्ष्मजीव १९७० च्या दशकात आग्नेयेच्या गॅम्बिए बेटांवरच ओळखला गेला. एका पासचा मासा चालतो, पुढच्या बेटावरचा तोच मासा चालत नाही, आणि हे फक्त तिथे राहणाऱ्यांनाच ठाऊक असतं. कड्याबाहेर खोल समुद्रात गळाला लागलेला ट्यूना किंवा माही-माही घ्यावा.

नांगर उचलताना क्रम उलटा, पण घाई जास्त नडते. ऊन वर आल्यावरच सुरुवात करायची. बोट इंजिनावर हळू पुढे न्यायची, म्हणजे विंडलास बोटीचं वजन ओढणार नाही. प्रत्येक फ्लोट रोलरच्या आधी, पाण्यावर आल्या आल्या हुकने धरून सोडवायचा. रोलरमध्ये गेला तर कॅरॅबिनर वाकतो आणि साखळी अडते. साखळी सरळ उभी झाली की थांबायचं आणि लाटेलाच नांगर उपटू द्यायचा. फ्लोट गोड्या पाण्याने धुऊन, दोऱ्या गुंडाळून मागच्या कप्प्यात ठेवायचे. पापेएतेला ते लागत नाहीत, पण तिथून परत तुआमोटूकडे वळणारी एखादी बोट भेटली तर दोन-चार तिला देऊन टाकावेत आणि कडीचं माप तपासून घ्यायला सांगावं, कारण आठ मिलिमीटरच्या साखळीत आपला कॅरॅबिनर बसेलच असं नाही.