शिंपल्यावरचा तो पांढरा पापुद्रा

शिंपला उचलला की आपण रंग बघतो, आकार बघतो, आणि वर चिकटलेला पांढरट खरखरीत डाग दिसला की नखाने खरवडून टाकतो. मी पण कितीतरी वर्षं हेच केलं आणि आता त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण तो डाग म्हणजे बऱ्याचदा ब्रायोझोआ नावाच्या प्राण्यांची अख्खी वसाहत असते.

मायक्रोस्कोपखाली बघाल तर चुन्याच्या छोट्या छोट्या खोल्या दिसतात, एकीला लागून दुसरी, एकेक साधारण अर्ध्या मिलीमीटरची, आणि प्रत्येकीत एक जीव, त्याला झूऑइड म्हणतात. जिवंत वसाहत पाण्यात ठेवून जरा वेळ अजिबात न हलता बसायचं, मग एकेक झाकण उघडतं आणि आतून केसाहून बारीक शुंडकांचं फनेल बाहेर येतं, पाणी आत ओढायला लागतं, त्यातलं सूक्ष्म शेवाळ हेच त्यांचं जेवण. टेबलाला नुसता धक्का लागू दे, पापणी लवायच्या आत सगळे गायब! काही झूऑइड तर जेवतच नाहीत, त्यांची नुसती चोच झालेली असते, उघडते मिटते, अंगावर चढणाऱ्या बारीक किड्यांना पकडते, आणि त्यांचं पोट शेजारचे भरतात, भिंतीतल्या भोकांमधून. डार्विनने बीगल जहाजाच्या सफरीत या चोची बघितल्या होत्या आणि त्याला गिधाडाचं डोकं आठवलं होतं.

आता मुद्दा दुर्मिळतेचा. या गटाच्या आज जिवंत असलेल्या जवळपास ६००० जाती माहीत आहेत, पण त्यातल्या कितीतरी एकदोन नमुन्यांवरूनच. असं का, तर बऱ्याच जाती पिल्लं आपल्याच खोल्यांमध्ये वाढवतात, आणि ती अळी बाहेर पडते तेव्हा तिला खायला तोंडच नसतं, मग काही तासांत मिळेल त्या दगडावर बसावंच लागतं, म्हणजे आईपासून फार लांब जाणं नाही. याउलट मेम्ब्रानिपोरा मेम्ब्रानेसिया बघा, तिची अळी खात खात कित्येक आठवडे तरंगते, म्हणून युरोपातली ही जात १९८७ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या मेनच्या आखातात सापडली आणि मग तिथल्या केल्पवर, म्हणजे मोठ्या समुद्री शेवाळावर, अशी पसरली की पानं ठिसूळ होऊन वादळात तुटायला लागली. दोन्ही प्रकारच्या जातींचा पापुद्रा दिसायला सारखाच, पण नकाशा पूर्ण वेगळा.

कधी कधी लांब न जाणारी जात पण भलतीकडेच सापडते, वाहतं लाकूड, सुटलेलं शेवाळ, जहाजाचा तळ, कशावर तरी बसून गेलेली असते. किंवा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली कळतं की ती जात वेगळीच आहे. आणि माझ्या मते या जाती दुर्मिळ वाटण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे दगडाच्या खालच्या अंधाऱ्या बाजूला बघतंच कोण! बघाल तेव्हा प्लीज दगड परत तसाच पालथा ठेवा, उलटा राहिला तर खालचं सगळं मरतं.

मी आता काही खरवडत नाही. डब्यात एक शिंपला आहे, त्यावर नखाएवढी वसाहत, आणि बरोब्बर मधे एक खोली बाकीच्यांपेक्षा लहान, वेगळ्याच आकाराची. अळी येऊन बसली ती इथे, बाकीच्या सगळ्या खोल्या तिच्यापासूनच फुटत गेल्या.