तुम्ही विचारलंत म्हणून: ते युद्ध नक्की कशावरून झालं?

मी राहते रिचमंडला, व्हर्जिनियात. अमेरिकेच्या सिव्हिल वॉरमध्ये, म्हणजे १८६१ ते १८६५ च्या उत्तर विरुद्ध दक्षिण यादवी युद्धात, हीच बंडखोर दक्षिणेची राजधानी होती, त्यामुळे भारतातून कुणीही आलं की प्रश्न ठरलेला, "अगं, ते युद्ध गुलामगिरीवरूनच झालं ना? मग इथले काही लोक राज्यांचे हक्क, राज्यांचे हक्क असं काय म्हणत असतात?" (म्हणजे केंद्र सरकारने राज्यांच्या कारभारात ढवळाढवळ करू नये, वाद तेवढाच होता, असं.) दरवेळी अर्धवट काहीतरी सांगून वेळ मारून नेते, आज एकदाचं लिहूनच टाकते.

तर, गुलामगिरीवरूनच. हे माझं मत नाही, दक्षिणेतली जी राज्यं देशातून फुटून बाहेर पडली त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. मिसिसिपीचा १८६१ चा जाहीरनामा बघा, सुरुवातीलाच म्हणतात की आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे, आणि वर कारण काय तर म्हणे तिथल्या उन्हात काम करणं फक्त काळ्या माणसांनाच झेपतं, निसर्गाचा नियमच आहे तसा. (आमच्या यवतमाळकडे मे महिन्यात शेतात राबणाऱ्या बायकांना हा नियम कुणी सांगितलेला दिसत नाही.) खरी गोष्ट पैशाची होती. १८६० मध्ये जवळजवळ ४० लाख माणसं गुलाम होती आणि देशाच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा एकट्या कापसाचा. १८६० मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेला लिंकन काही आहे ती गुलामगिरी मोडायला निघाला नव्हता, पश्चिमेच्या नव्या प्रदेशांत ती पसरू द्यायची नाही एवढंच त्याच्या पक्षाचं म्हणणं होतं, पण तेवढ्यावरच साउथ कॅरोलायना २० डिसेंबर १८६० ला बाहेर पडली, त्याने शपथ घ्यायच्याही आधी.

आणि राज्यांचे हक्क म्हणाल तर गंमतच आहे. १८५० च्या कायद्याप्रमाणे पळालेला गुलाम उत्तरेत सापडला तर मालकाला परत द्यायचा, ते उत्तरेतल्या काही राज्यांना मान्य नव्हतं म्हणून त्यांनी आपापले कायदे करून आडकाठी घातली. म्हणजे राज्याचा हक्क वापरत होती उत्तर, आणि साउथ कॅरोलायना आपल्या जाहीरनाम्यात त्याच राज्यांची नावं घेऊन तक्रार करतेय!

या कायद्याचा एक किस्सा इथून जवळच घडला, फोर्ट मनरोला. मे १८६१ मध्ये तीन गुलाम रात्री होडीतून पळून उत्तरेच्या सैन्याकडे आले, दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस हजर, कायद्याने आमची माणसं परत द्या. तिथला जनरल बटलर मुळात वकील. तो म्हणाला, व्हर्जिनिया म्हणते आम्ही आता परदेश, मग माझ्या देशाचा कायदा परदेशाला कसा लागू होईल? नाही दिली परत. मात्र ठेवून घेतली ती शत्रूचा जप्त केलेला माल म्हणून, माणसं म्हणून नाही, हेही सांगायला हवं. पण बातमी फुटली आणि लोक हजारोंनी येत गेले. गुलाम मुक्त केल्याची लिंकनची घोषणा १ जानेवारी १८६३ ची, म्हणजे लोकांनी त्याची वाट बघितली नव्हती.

आता पुढचं, जे फारसं कुणी विचारत नाही. भरपाई कुणाला मिळाली? मालकांना! सगळीकडे नाही, पण राजधानी वॉशिंग्टनमध्ये १८६२ ला गुलाम मुक्त केले तेव्हा सरकारने मालकांना माणशी ३०० डॉलरपर्यंत दिले. मुक्त झालेल्याला काय, तर देश सोडून जात असशील तर १०० पर्यंत.

जमीन एकदा मिळाली होती. जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेच्या जनरल शर्मनने दक्षिणेच्या किनारपट्टीची जमीन काळ्या कुटुंबांना ४०-४० एकरांनी वाटायचा हुकूम काढला, सुमारे ४० हजार लोक वसले, पेरण्या झाल्या, आणि त्याच वर्षी लिंकननंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन्सनने जुन्या मालकांना माफी देऊन जमिनी परत करायला लावल्या. हे सांगायला साउथ कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावर उत्तरेच्याच जनरल हॉवर्डला पाठवलं. चांगला माणूस, युद्धात उजवा हात गेलेला, तोही इथेच रिचमंडच्या वेशीवरच्या लढाईत. तो म्हणाला मालकांना माफ करा. लोकांनी त्याला पत्र लिहिलं ते वाचून मी बराच वेळ गप्प होते. तुमचा फक्त हात गेला, तुम्ही कराल माफ, पण ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून झोडपलं, त्याला मी कसं माफ करू, असं सरळ विचारलंय.

मग राहिलं काय, तर त्याच मालकाची जमीन वाट्याने करायची, बी-बियाणं आणि किराणा उधारीवर, हिशोबाची वही त्याच्याच हातात. ही वही आपल्याला अनोळखी नाही. या युद्धात अमेरिकेचा कापूस अडला म्हणून मुंबईत कापसाचे भाव आकाशाला भिडले, सावकार हात सैल सोडून कर्ज देत होते, १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज राहिलं, आणि दहा वर्षांनी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्याच जाळल्या. कारणं इतरही होती, पण हे एक होतंच.

इकडे मात्र १८७७ पर्यंत उत्तर थकली, युद्धानंतर दक्षिणेत आलेल्या नव्या सरकारांच्या पाठीशी उभं केलेलं सैन्य काढून घेतलं. काळ्यांचा मताचा हक्क घटनेत लिहिलेला होता, तो हळूहळू मारहाण, मत द्यायला कर, लिहिण्यावाचण्याची परीक्षा असल्या वाटांनी काढून घेतला. आणि याच काळात ती राज्यांच्या हक्कांची गोष्ट पक्की झाली. दक्षिणेचा उपाध्यक्ष स्टीफन्स, ज्याने १८६१ मध्ये भर सभेत गुलामगिरी हा आमच्या सरकारचा पाया आहे म्हणून सांगितलं होतं, त्यानेच हरल्यावर दोन जाडजूड खंड लिहिले की छे छे, वाद फक्त राज्यघटनेचा होता. रिचमंडमधला दक्षिणेचा सेनापती जनरल लीचा पुतळा १८९० चा, युद्ध संपून २५ वर्षं झाल्यावरचा. तो २०२१ ला काढला. पण ज्यांच्या आजोबांनी शाळेत हीच गोष्ट पाठ केली ते अजून शेजारी राहतात, भली माणसं आहेत, बर्फ पडला की माझ्या दारातला पण काढतात, आणि मनापासून म्हणतात राज्यांचे हक्क.