मामाच्या लेन्सवरचा लाल ठिपका

रविवार, रात्री साडेदहा

वेंगुर्ल्याहून एसटीने येताना मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. कुडाळ येईपर्यंत मी तो खाली ठेवला नाही. आत मामाच्या दोन लेन्स होत्या.

मामाने स्टुडिओ बंद केला त्याला आता बरीच वर्षं झाली. कॅमेऱ्याची बॉडी तेव्हाच विकली गेली, लेन्स राहिल्या. स्टुडिओत एक लाकडी कपाट होतं आणि पावसाळाभर त्यात एक बारीक बल्ब दिवसरात्र जळत असायचा. आत कुठलातरी देव आहे आणि त्याच्यासाठी तो दिवा लावतात, असं मला लहानपणी वाटायचं. तो बल्ब म्हणजे कोकणातल्या दमट हवेवरचा इलाज होता, हे नंतर कळलं. चामड्याच्या पट्ट्याला, पुस्तकांना धरते तशी बुरशी लेन्सच्या काचेलाही धरते. काचेवरच्या लेपावर ती पसरते, आणि वेळीच पुसली गेली नाही तर लेप खाऊन कायमचा डाग पाडते. बल्बच्या उबेने कपाट कोरडं राहायचं. स्टुडिओ गेल्यावर लेन्स घरातल्या लोखंडी कपाटात साड्यांखाली गेल्या, आणि तिथे बल्ब नव्हता.

रात्री टॉर्च लावून दोन्ही बघितल्या. १३५ मिलिमीटरची स्वच्छ आहे. ५० मिलिमीटर, एफ/१.८ च्या कडेला मात्र कोळिष्टकासारखी जाळी दिसते. मधली काच वाचली आहे, तेवढ्याने जीव भांड्यात पडला.

सोमवार

माझा कॅमेरा निकॉनचा डी ७०००. आयुष्यातला पहिलाच डिजिटल एसएलआर, तोही जुना घेतलेला. निकॉनने १९५९ साली आपल्या ‘एफ’ कॅमेऱ्याला जो माउंट, म्हणजे लेन्स अडकवायची खाच, दिला तोच २०१० सालच्या या बॉडीलाही आहे. म्हणून मामाची लेन्स मधे कुठलीही रिंग न घालता थेट बसते.

सगळ्याच मात्र बसवायच्या नाहीत. १९७७ मध्ये निकॉनने ‘एआय’ पद्धत आणली. तिच्यात लेन्स आपलं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचं भोक, बॉडीला कळवते. त्याआधीच्या लेन्सची अ‍ॅपर्चरची रिंग मागे जास्त लांब असते, आणि माउंटच्या कडेला असलेली बॉडीची नाजूक खिट्टी तिच्याखाली सापडून मोडू शकते. ओळखायची खूण सोपी. एआय लेन्सच्या रिंगवर अ‍ॅपर्चरचे आकडे दोन ओळींत असतात, एक मोठी आणि तिच्यामागे एक बारीक. शिवाय रिंगवर सशाच्या कानांसारखा जो धातूचा तुकडा असतो त्याला भोकं पाडलेली असतात. मामाच्या ५० ला दोन्ही आहे. १३५ ला एकच ओळ आणि कान बिनभोकाचे. हातात घेतलेली लेन्स मी परत डब्यात ठेवली. रिंगची मागची कड कापून अशा लेन्स बसत्या करतात, पण मामाच्या लेन्सला कानस लावायची माझी तयारी नाही.

बुधवार

मेनूत जाऊन लेन्सची माहिती भरली: ५० मिलिमीटर, एफ/१.८ (तिचं सगळ्यात मोठं अ‍ॅपर्चर). त्यानंतर रिंगवरचं अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यातही दिसू लागलं. अ‍ॅपर्चर लेन्सच्या रिंगवरून, शटर कॅमेऱ्यावरून, फोकस हाताने.

फोकसने रडवलं. मामाच्या कॅमेऱ्यात बघायच्या काचेच्या मधोमध एक गोल असायचा. त्यात उभी रेघ तुटलेली दिसायची, आणि दोन तुकडे जुळले की फोकस बसलेला असायचा. माझ्या कॅमेऱ्यात तो गोल नाही. काच साधी आहे, आणि एफ/१.८ वर जे खरं धूसर येणार ते तिच्यात स्पष्टच दिसतं. आईचे दहा फोटो काढले, सातांत डोळ्यांऐवजी कान स्पष्ट. दीड मीटरवरून एफ/१.८ ला जेमतेम सहा-सात सेंटीमीटर खोलीचा भाग फोकसमध्ये राहतो. चेहरा जरासा वळला की गेलाच. कॅमेऱ्यातला हिरवा ठिपका फोकस लागल्याचं सांगतो. त्याच्यावर विसंबायला शिकते आहे, पण मागच्या स्क्रीनवर चित्र मोठं करून बघितलं तरच खात्री पटते.

रविवार, वेंगुर्ला

आज त्या लाल ठिपक्याचा उलगडा झाला.

५० च्या फोकस रिंगवर, ३ मीटरच्या आकड्याच्या थोडं पुढे, एक लाल ठिपका आहे. मला तो गंज किंवा कुंकू वाटला होता. मामाला विचारलं. तो ओटीवर बसला होता. लेन्स हातात घेऊन अंगठ्याने चाचपत म्हणाला, “तो माझोच ठिपको. तुझ्या मामीचा नेलपॉलिश.”

मग त्याने सांगितलं. लग्नाच्या मांडवात फोकस करत बसायला वेळ नसायचा. अंतरपाट दूर झाला, माळ गळ्यात पडली की क्षण गेला, आणि रोलमध्ये छत्तीसच फोटो. त्याच्या फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा, २८ होता, आयएसओ (उजेड टिपायची क्षमता) १०० च्या रोलसाठी. गाइड नंबरला अंतराने भागलं की अ‍ॅपर्चर मिळतं. २८ ला साडेतीनने भागा, ८ येतात. म्हणून साडेतीन मीटरवर ठिपका, आणि अ‍ॅपर्चर एफ/८. रिंग ठिपक्यावर आणायची आणि नवरा-नवरीपासून तेवढ्या अंतरावर जाऊन उभं राहायचं. फोकस आणि उजेड दोन्ही एकाच जागी जुळलेले. अ‍ॅपर्चर तो बघतही नसे. शेवटच्या २२ पासून तीन टिचक्या मोजायच्या: १६, ११, ८. मोतिबिंदूचं ऑपरेशन होऊनही त्याला आता बारीक आकडे वाचता येत नाहीत, पण आज त्याने तीन टिचक्या मोजून रिंग माझ्यापुढे धरली, तर ती बरोबर ८ वर होती.

आमच्या घरातले, वाडीतले कितीतरी अल्बम त्या साडेतीन मीटरवरून काढलेले आहेत. माझ्या आईबाबांच्या लग्नाचासुद्धा. मामा तेव्हा कुठे उभा होता ते आज मला मोजून सांगता येतं. ही गोष्ट सारखी मनात येते आहे.

मी लगेच मामा-मामीला खळ्यात तुळशीपाशी उभं केलं. फितीने साडेतीन मीटर मोजले, कॅमेरा उभा धरला, ठिपक्यावर रिंग, एफ/८, आणि फोटो काढला. मामाने डोळ्यांजवळ नेऊन स्क्रीन बघितला.

“पाय खय गेले गो?”

पाय नव्हतेच. गुडघ्याच्या खालचं सगळं फोटोबाहेर. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, दीडपटीने. लेन्स चित्र पूर्वीएवढंच टाकते, पण सेन्सर त्याचा मधला भागच उचलतो. ५० ची लेन्स इथे ७५ सारखी वागते. मामाच्या फिल्मवर साडेतीन मीटरवरून अडीच मीटर उंचीचं दृश्य मावायचं, माझ्याकडे एक मीटर पासष्टच. मामाची चौकट हवी तर साडेतीनची दीडपट, म्हणजे सव्वापाच मीटर अंतरावर जायला हवं. मागे मागे जात शेवटी कुंपणाच्या गडग्याला पाठ टेकली तेव्हा पाय दिसले. मामा तिथून ओरडला, “इतक्या लांब कित्याक उभी रवलंस?”

सेन्सर लहान असल्याचा एक फायदा मात्र झाला. बुरशी काचेच्या कडेला आहे आणि चौकटीचे कोपरेही आता सुटले आहेत. फोटोत तिचा मागमूस नाही. फक्त सूर्य समोर असला की चित्र दुधाळ होतं.

शुक्रवार, पहाटे पाच

जत्रेहून आत्ताच आले. झोप येणार नाही, लिहूनच टाकते.

पालखी फिरून झाल्यावर मध्यरात्रीनंतर दशावतार उभा राहिला. मी आधीच जाऊन, राजा बसतो त्या बाकड्यापासून पावलं मोजून बसले होते. साडेतीन मीटर. फ्लॅश आणलाच नव्हता. पायपेटी वाजू लागली, मृदंग सुरू झाला, काळ्या वेषातला संकासुर येऊन गेला, आणि आख्यान लागलं.

सुरुवातीचे फोटो फुकट गेले. शटर १/५०० सेकंदावर ठेवलं होतं, आणि कुठे अख्खा फोटो काळपट, कुठे काळपट पट्टा. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, वेगवान शटरला कळतं. १/१०० वर आणलं, पट्टे गेले. आयएसओ १६००, एफ/२.८. रिंग लाल ठिपक्यावर आणली आणि मग तिला हात लावला नाही. या अंतरावर फोकसमध्ये हातभर खोली मिळते, आणि बाकड्यावर बसलेला राजा त्या हातभरात राहतो.

खळ्यात पाय कापणारी ती चौकट इथे नेमकी बसली. मुकुटापासून गुडघ्यांपर्यंत राजा, बाजूला थोडा काळोख. तो तलवार टेकवून उठला तेव्हा मी त्याच्याबरोबर वर बघितलं, रिंग फिरवली नाही. स्त्रीपार्टी करणारा नट राणी होऊन त्याच्या बाजूला बसला आणि विलाप करू लागला. त्याच्या डोळ्याखालचं काजळ घामाने ओघळत होतं, तेही फोटोत आलं आहे. त्याच्या गालावर उजेड एकाच बाजूने पडला आहे. असा उजेड मी मामाच्या कुठल्याही फोटोत बघितलेला नाही.

शनिवार, वेंगुर्ला

लॅपटॉप घेऊन मामाकडे गेले. दशावताराचे फोटो त्यानेही पुष्कळ काढले होते, सगळे फ्लॅशने. रंगवलेले चेहरे पांढरे पडायचे आणि मागे काळी भिंत झाल्यासारखा अंधार.

राणीचा फोटो उघडला. मामा जवळ सरकला, चष्मा वर-खाली करत खूप वेळ बघत राहिला.

“फ्लॅश खय धरललंस?”

“मारूकच नाय.”

“ठिपक्यार?”

“ठिपक्यार.”

तो काही बोलला नाही. मामीने चहा आणून ठेवला, तो निवला. मग त्याने स्क्रीनवर राणीच्या डोळ्याखाली बोट ठेवलं, काजळ ओघळलं होतं तिथे, आणि म्हणाला, “ह्यो कागदार काढून हाड. मोठो.”

सोमवारी फोटो छापून घ्यायला लॅबमध्ये जायचं आहे. येताना ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पाकिटं आणि डब्यासाठी घट्ट झाकण बघायचं.